दहा पेपर, चार फेऱ्या

रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळात आमच्या घरात कुणी बोलत नसे. हा नियम अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. धाकट्या बहिणीची नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली, त्या जुलैपासून तो लागू झाला. टेबल भिंतीला तोंड करून. पंखा दोनवर, कारण सेंटरवर पंखा कसा असेल सांगता येत नाही. पाण्याची पारदर्शक बाटली, काळं बॉलपेन, खोडरबर नाही. त्या तीन तासांत आईने कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी होते. बीडमधलं आमचं घर रस्त्याला लागून आहे. रस्त्यावरचे भोंगे आणि डीजे अण्णांना बंद करता आले नाहीत. कुकर आला.

पर्यवेक्षक मी. मी एका दैनिकात डेस्कवर काम करते आणि माझी साप्ताहिक सुट्टी रविवारी असते. मागे खुर्ची टाकून बसायचं, दर अर्ध्या तासाला वेळ सांगायची, पाचला उत्तरपत्रिका काढून घ्यायची, एवढंच काम होतं. ते देताना अण्णा म्हणाले होते, "दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेतीस ना? मग घरच्याबी बघ जरा."

बहिणीचा पहिला प्रयत्न लातूरच्या एका क्लासमधून झाला होता आणि फसला होता. क्लासवाल्यांनी पोरीला गर्दीत बसवलं, कुणी लक्ष दिलं नाही, असं अण्णांचं मत. ते लिंबागणेशच्या पलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत. शिकवणं आपल्याला कुणी शिकवू नये, हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. त्यांनी मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचं जाड पुस्तक आणलं, त्याचा कणा कापला आणि प्रत्येक वर्षाचा पेपर वेगळा करून स्टेपल केला. दहा वर्षं, दहा रविवार. अकराव्या रविवारी पुन्हा पहिला पेपर. याला ते फेरी म्हणत.

पहिल्या फेरीत ती सातशे वीसपैकी तीनशे ते साडेतीनशेच्या आसपास होती. सप्टेंबरमध्ये एका रविवारी अचानक चारशे दहा आले. अण्णांना शंका आली, की पेपरच्या मागची उत्तरं तिने आधी बघितली. तिने बघितली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. ती नाही म्हणाली. अण्णांनी तिच्यासमोर दहाही पेपरची मागची पानं फाडली. त्या पानांवर नुसती उत्तरं नव्हती. प्रत्येक प्रश्नाखाली ते उत्तर का बरोबर आहे आणि बाकीचे तीन पर्याय का चुकीचे, याचं स्पष्टीकरण होतं. ती सगळी पानं एका फायलीत घालून लोखंडी कपाटात गेली. कपाटाची किल्ली अण्णांच्या शर्टाच्या वरच्या खिशात असे.

"आता मागं बघायला कायच न्हाई," ते म्हणाले. "आता डोकं चालव."

दिवाळीनंतर त्यांच्या शाळेत निम्मी पोरं उरतात. बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. त्या रिकाम्या दुपारी अण्णांनी वर्गात बसून दहा पुठ्ठे तयार केले. उत्तरपत्रिकेच्या मापाचा पुठ्ठा, आणि बरोबर उत्तराचा गोल जिथे येतो तिथे भोक. एकशे ऐंशी प्रश्न, एकशे ऐंशी भोकं. उत्तरपत्रिकेवर पुठ्ठा ठेवायचा. भोकातून काळं दिसलं तर चार मार्क. पांढरं दिसलं तर त्या जागी लाल पेनाने गोल. तपासणी दहा मिनिटांत होऊ लागली. काम अतिशय सुबक होतं. एकही भोक तिरकं नव्हतं.

बहिणीला आता रविवारी संध्याकाळी एक कागद परत मिळे, त्यावर लाल गोल असत. बेचाळीसचं उत्तर दोन होतं, एवढं त्यावरून कळे. दोन का, ते कळण्याची सोय कपाटात होती. सोमवारी ती पाठ्यपुस्तक उघडून शोधू लागली की अण्णा विचारत, "झालेल्या पेपरात काय घुटमळतीस? म्होरचा रविवार कोणता हाय?" मग ती पुढच्या रविवारच्या वर्षाची लाल गोलांची जुनी उत्तरपत्रिका काढून बसे.

तिसरी फेरी डिसेंबरमध्ये सुरू झाली. त्या पहिल्याच रविवारी तिचा पेपर एक तास पाच मिनिटांत संपला. मी मागून बघत होते. तिची नजर आकड्यांवर, आकृतीवर जात नव्हती. ती प्रश्नाचे पहिले दोन-तीन शब्द बघत होती आणि गोल काळा करत होती. पेपरची पानं ती वेळेत उलटत होती, पण ती मला दाखवण्यापुरती. पुढच्या रविवारीही तेच. मार्क पाचशे ब्याण्णव.

मी तिला गच्चीवर गाठलं. म्हटलं, "तू वाचत नाहीस."

ती कपडे वाळत घालत होती. वळलीही नाही. "ताई, तुझं काम घड्याळ बघायचं हाय. ते बघ."

"हे पाठांतर आहे. मे महिन्यात हे पेपर येणार नाहीत."

"मग जा ना, सांग अण्णाला. तुला लई हौस हाय ना बातमी द्यायची."

मी सांगितलं नाही. कारणं लिहून ठेवते. सप्टेंबरपर्यंत आमच्या घरात दर रविवारी संध्याकाळी शिव्या होत होत्या. अण्णा पोरीला म्हशीपासून दगडापर्यंत काय काय म्हणत. आई मधे पडली की आईला. मी मधे पडले की माझा पगार, माझं वय, माझं न ठरलेलं लग्न. मार्क वाढले तशा शिव्या थांबल्या. डिसेंबर ते एप्रिल या काळात अण्णा जेवताना हसले, असं मी दोनदा पाहिलं. मला ते हवं होतं. मी घड्याळ बघितलं.

चौथ्या फेरीचा शेवटचा पेपर एप्रिलमध्ये झाला. सहाशे एक्केचाळीस. अण्णांनी तो आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठे आणि फुलं आली. गावी असलेल्या काकाने, अण्णांच्या धाकट्या भावाने, तो पारावर सांगितला. त्या दिवसापासून तो फोनवर बहिणीला "डाक्टरीणबाई" म्हणू लागला.

मे महिन्यातली परीक्षा संपवून ती सेंटरबाहेर आली, तेव्हा अण्णांनी तिथेच, उन्हात, किती होतील विचारलं. ती म्हणाली, "वाचायलाच वेळ पुरला न्हाई." जूनमध्ये निकाल लागला. तीनशे बहात्तर.

अण्णांनी याचा अर्थ असा लावला, की पोरगी घाबरली. घरी साडेसहाशे पाडणारी पोरगी सेंटरवर घाबरली, म्हणजे तयारी बरोबर होती आणि धीर कमी पडला. धीरासाठी अजून एक वर्ष. "पाचवी फेरी आमी उद्या आंघोळीच्या आधीच सुरू करू," असं ते काकाला फोनवर म्हणाले. त्यात विनोद होता. बहीण तेव्हा भाजी निवडत होती. तिने देठं आणि पानं एकाच ताटलीत टाकली.

आईने मात्र एक गोष्ट अण्णांना न विचारता केली होती. बीएस्सी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म तिने मला भरायला लावला होता. माझी आई सातवी शिकलेली आहे. तिच्या माहेरच्या आरोग्य केंद्रात एक सिस्टर होती, एवढाच तिचा अभ्यास. "तिला पगार व्हता," आई सांगे, "आन् संध्याकाळी उशिरा आली तरी कुणी तिला कुठं गेलतीस म्हणून इचारत नव्हतं." बहिणीने ती परीक्षा काहीही पाठ न करता दिली आणि ऑगस्टमध्ये तिला अंबाजोगाईत जागा लागली. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहायचं होतं. नाही गेलं तर जागा पुढच्या मुलीला. मूळ कागदपत्रं लोखंडी कपाटात होती.

बुधवारी काका आला. नर्सिंगचं त्याला कुठून कळलं माहीत नाही, पण तो त्यासाठीच आला होता. चहा समोर येताच त्याने सुरुवात केली.

"काय गं डाक्टरीणबाई, सिस्टर व्हतीस म्हणं? लोकाचं हगणं-मुतणं काढायचं व्हतं तर लातूरला कावून धाडलं व्हतं तुला? गावातबी लई म्हातारी हायती."

"तुझी बायको सिस्टरच्याच हातावर दोनदा बाळंत झाली," आई आतून म्हणाली. "तवा डाक्टर आलता का?"

"वैनी, मी गमतीनं बोलतोय."

"गप बे," अण्णा त्याला म्हणाले. मग आईकडे वळून, "आन् तूबी गप. कुणी कुठं जात न्हाई. साशे एक्केचाळीसवाली पोरगी हाय ही. एक वरीस कळ काढा."

बहीण दारात उभी होती. ती म्हणाली, "अण्णा, मला उत्तरपत्रिका द्या."

"कावून?"

"द्या तर. पेपर नको. पेपर तुमच्याजवळ ठेवा. नुस्तं वर्ष सांगा."

अण्णांना वाटलं, पोरीला जिद्द चढली. त्यांनी कोऱ्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढून दिली आणि मधलं कुठलं तरी एक वर्ष सांगितलं. ती तिथेच, चहाच्या कपांमधे, जमिनीवर बसली. मी सवयीने घड्याळ बघितलं. समोर प्रश्न नव्हता, कच्च्या कामाचा कागद नव्हता. ती ओठ हलवत होती आणि गोल काळे करत होती, जसं शाळेत पोरं पाढे म्हणतात. काही ठिकाणी थांबली, बोटं मोडली, पुढे गेली. आठ प्रश्न तिने कोरे सोडले. एकवीस मिनिटांनी कागद अण्णांच्या मांडीवर ठेवला.

"तपासा."

अण्णांनी पुठ्ठा आणला. एकेका रांगेवर बोट ठेवत मोजलं. बहुतेक भोकांतून काळंच दिसत होतं. त्यांनी दोनदा बेरीज केली. सहाशे अठरा.

काकाने मांडीवर थाप मारली. "आयला! हिला तर पेपर बघायचीबी गरज न्हाई! भाऊ, असलं डोकं उभ्या तालुक्यात न्हाई."

अण्णांना काय कळलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. तीस वर्षं त्यांनी पोरांना पाढे म्हणायला लावले आहेत. 'सात आठे छप्पन' म्हणणाऱ्या पोराला मधेच 'म्हणजे काय' असं विचारून निरुत्तर करणं, ही त्यांची आवडती पद्धत आहे. पण काका समोर होता. अण्णांनी पुठ्ठा उलटा ठेवला आणि म्हणाले, "बघितलं का? ह्या डोक्याला मी बेडपॅन धुवायला धाडू?"

काका गेल्यावर ते बहिणीला म्हणाले, "माझी इज्जत काढायची व्हती ना तुला? काढलीस."

"मी काय काढली? तुमीच मार्क मोजले."

त्यांनी तिच्या गालफडात मारली. जोराची नव्हती. आई मधे आली नाही. आई म्हणाली, "अजून एक मारा. मंग कागदं काढून द्या."

गुरुवारी अण्णांनी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि एका ओळखीच्या शिक्षकाकडून त्याच्या मुलाच्या क्लासचा सराव पेपर आणला. या घरात कुणीही न पाहिलेला. हे त्यांनी स्वतःहून केलं, हे नोंदवायला हवं. दोनला बसवलं. यावेळी मागच्या खुर्चीवर ते स्वतः बसले. मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि स्वयंपाकघरात थांबले. तीन तास बहिणीने खरोखर वाचलं. पेपरच्या मार्जिनमध्ये तिने आकडेमोड केली होती, ती मी नंतर पाहिली. बरीचशी पहिल्या दोन ओळींनंतर सोडून दिलेली. या पेपरला पुठ्ठा नव्हता, म्हणून तपासायला चाळीस मिनिटं लागली. अठ्ठ्याऐंशी बरोबर, छप्पन चूक, छत्तीस कोरे. चुकीला एक वजा धरून दोनशे शहाण्णव.

अण्णा म्हणाले, "मुद्दाम केलंस."

"न्हाई."

"छत्तीस कोरे? एक वरीस बसून छत्तीस कोरे? मुद्दाम केलंस. नर्स व्हायला केलंस."

तिने पेनला टोपण लावलं. काय उत्तर देणार? मार्क जास्त पडले तर ती हुशार, कमी पडले तर ती लबाड. तिसरा पर्याय त्या घरात कुणी छापलेला नव्हता.

शुक्रवारी अण्णा नेहमीच्या वेळेला शाळेत गेले. किल्ली खिशात गेली. आईने कपाटाकडे पाहिलं, मग मला म्हणाली, "तू जातीस का मी पहार आणू?"

मी स्कूटी काढली. मांजरसुंब्यापर्यंत हायवे आणि तिथून आतला रस्ता. पोचले तेव्हा प्रार्थना संपून पोरं वर्गात चालली होती. अण्णा व्हरांड्यात उभे होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"किल्ली पाहिजे," मी म्हटलं.

"काल किती पडले तिला?"

"तुम्हीच तपासलेत."

"किती?"

"दोनशे शहाण्णव."

"ते खरे का साशे एक्केचाळीस खरे?"

"दोनशे शहाण्णव."

त्यांनी वर्गातल्या पोरांना पाटीवर काहीतरी लिहायला सांगितलं आणि दार ओढून घेतलं. मग विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक व्हतं?"

मी हा प्रश्न येईल असं धरलं नव्हतं. म्हटलं, "तिसऱ्या फेरीपासून."

"म्हंजी डिसेंबर."

"हो."

"डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल." त्यांनी बोटांवर मोजले. "पाच म्हैने मागं खुर्ची टाकून बसलीस. पाच म्हैन्यांत मी दुसरे पेपर आणले असते. ती फाडलेली पानं काढून दिली असती. एक शब्द बोलली न्हाईस."

"बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?"

"ते तू बघितलंस कुठं? बोललीच न्हाईस तू. मी येडा हाय, मला कळलं न्हाई. तुला कळत व्हतं."

त्यांनी किल्ली खिशातून काढली. माझ्या हातात दिली नाही, व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली. "पालक म्हणून सही तिच्या आईची घे. माझी न्हाई मिळायची," असं म्हणून ते वर्गात गेले. आतून पोरं एका सुरात "नमस्ते गुरुजी" म्हणाली. सकाळचं एकदा म्हणून झालं होतं, तरी म्हणाली.

साडेअकराच्या बसने आम्ही तिघी निघालो. केजला बस बराच वेळ थांबली. आई खिडकीजवळ बसली होती आणि फाईल पोटाशी धरून होती. बहीण माझ्या शेजारी होती. गालावरचं आता काही दिसत नव्हतं. बस पुन्हा सुरू झाल्यावर ती म्हणाली, "अण्णा काय म्हणले?"

मी सांगितलं, जसं झालं तसं.

"बरोबर बोलले," ती म्हणाली.

"तूच मला म्हणालीस, घड्याळ बघ."

"मी एकोणीस वर्षांची व्हते आन् शिव्या खाऊन बसले व्हते. मी काय म्हणणार व्हते? मला वाटलं, तू तरी सांगशील. दर रविवारी पाच वाजता कागद अण्णाच्या हातात देताना मी तुझ्या तोंडाकडं बघायची. आज सांगती का, म्हणून." ती समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत बोलत होती. "तू म्हणायची, 'वेळ संपली.' नेहमीसारखी."

कॉलेजात गर्दी होती. कागद तपासणाऱ्या बाईंनी एकेक मूळ प्रत झेरॉक्सशी ताडून पाहिली. आमचा नंबर यायला पावणेचार झाले. प्रवेश मिळाला. आईने सही केली. ती सही करताना नेहमी पूर्ण नाव लिहिते, म्हणून वेळ लागतो. मागच्या मुलीच्या वडिलांनी घड्याळ बघून च्यक केलं. आईने मान वर न करता शेवटचं अक्षर पूर्ण केलं.

मग हॉस्टेलचा फॉर्म आला. बहिणीने तो भिंतीला टेकवून, उभ्यानेच भरला. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, असा त्यात एक रकाना होता. अण्णांचा नंबर ती लिहिणार नाही, हे मी धरलं होतं. माझा नंबर सांगायला मी तोंड उघडलं. तिने आईचा लिहिला. आईकडे साधा फोन आहे आणि तो बहुतेक वेळा चार्जिंग संपून बंद पडलेला असतो.

मी तिला म्हटलं, "आईचा फोन लागत नाही."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवला.